मोळी आणि नोटीस

भाग्येश सरांनी चेष्टा केली आणि सुनिताबाईंचा तास गेला. व्हिडिओ साधाच होता: आठवीतली कालीबाई वर्गात डोक्यावर उसाची मोळी घेऊन उभी. खाली सरांनी अक्कल पाजळली, 'आमच्याकडे इंग्रजीच्या तासाला ऊसतोड सुरू.' शिक्षकांच्या ग्रुपवर हशा पिकेल म्हणून टाकलं. व्हिडिओ तालुक्याला पोचला आणि पिकली ती नोटीस. म्हणे शाळेत बालमजुरी. चौकशी होईपर्यंत आठवीचं इंग्रजी कोणाकडे? तर भाग्येश सरांकडेच. आग लावणाऱ्याच्याच हाती घागर.

सुनिताबाई म्हसावदजवळच्या आश्रमशाळेत शिकवतात. स्वतः सातपुड्यातल्या पाड्यावरच्या, आई ऊस तोडायची तेव्हा फडाच्या बांधावर झोळीत वाढलेल्या. इंग्रजी वाक्य त्या मुलांकडून उचलूनच घेतात. डोक्यावर मोळी घेतो तो कर्ता, मोळी चढवून देतो तो क्रियापद आणि मोळी म्हणजे पूरक. 'कालीबाई इज' म्हणून कोणी थांबलं की मागून हाळी येते, "बाई, मोळी राहिली!" मग एकजण 'टायर्ड' चढवतो, दुसरा 'अ सिंगर'. व्याकरणाच्या नावाने झोपणारा वर्ग मोळीसाठी भांडू लागला होता.

चौकशीला तालुक्याचे साहेब आले. पोरं काय शिकली हे त्यांनी विचारलंच नाही. मोळीचं वजन विचारलं. बाई उठल्या.

"साहेब, ही कालीबाई दिवाळीपासून होळीपर्यंत आईबापाबरोबर गुजरातेत खरा ऊस वाहत होती. तेव्हा तुमची नोटीस कोणाच्या नावाने निघाली?"

साहेबांनी पाणी मागितलं.

ते ऐकून भाग्येश कागद घेऊन पुढे आला. चार महिने पोरगी फडात, तेव्हा तालुक्याला झोप. वर्गात उसाला हात लावला की कायदा जागा! त्याने तिथेच लेखी दिलं: मजकूर माझा, चेष्टेचा, तास बाईंचा. साहेबांना सुटायला तेवढी फट पुरली. तास बाईंना परत मिळाला. पण रिकाम्या हाताने जाणं खात्यात बसत नसावं. ऊस 'पुरावा' म्हणून जीपमध्ये चढला. फाइलला लागला की वाटेत सोलला गेला, देव जाणे.

तो ऊस गावातले शेतकरी रतिलालभाई यांच्या लागवडीच्या बेण्यातला, परत करायच्या बोलीवर बाईंनी आणलेला. ते देणं भाग्येशने आपल्या अंगावर घेतलं. आता लागवडही उरकली. बाजारात रतिलालभाई दिसले की सर गल्ली बदलतात, तरी मागून हाक येतेच.

"गुरुजी, मन्हं बेणं कोठे शे?"