टोपडं घातलेला कॅमेरा

बहिणीनं पाळण्यावरच्या कॅमेऱ्याला बाळाचं टोपडं घातलंय. गेल्या आठवड्यात त्यातून कुणी अनोळखी पुरुष बाळाशी बोलत होता. पुरावा आहे, काढू नका, असं पोलिसांनी बजावलंय. कॅमेऱ्याची कंपनी म्हणते, सुरक्षेतली त्रुटी किरकोळ होती, तुम्ही अपडेट करायला हवं होतं. म्हणजे चूक आईची! सायबर ठाण्यातले साहेब म्हणाले, "ताई, तो कुठल्या देशात बसलाय तेच कळत नाही. पकडू कुणाला?" दाराला कुलूप, खिडक्यांना गज, आणि हा हरामखोर थेट पाळण्यापाशी! राग काढायला समोर एक चेहरासुद्धा नाही. आहे ते फक्त झालरीचं टोपडं. भाची मात्र त्याच्याकडे बघून हात हलवते, खुदकन हसते. गोड बोलला होता ना तो तिच्याशी.