बाहेर न पडणारी पातळी

उधन्याच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची मोबाइल गेमची कंपनी होती. खाली साड्यांचं पॅकिंग चाले, वर आम्ही चौघं ‘क्रिएटिव्ह’. माझं काम भुलभुलैये बांधायचं. बांधायचं म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वीस-वीस अक्षरांच्या वीस ओळी टाइप करायच्या: हॅश म्हणजे भिंत, टिंब म्हणजे वाट, एक अक्षर सुरुवातीचं, एक दाराचं. प्रोग्राम ती फाइल वाचून पडद्यावर भिंती उभ्या करी; एक फाइल म्हणजे गेमची एक पातळी.

एकदा एका ओळीतलं एक टिंब माझ्याकडून पुसलं गेलं. ती ओळ एक घर डावीकडे सरकली आणि दारापर्यंतची वाट भिंतीने बंद झाली. माझ्या लक्षात आलं नाही. तपासणाऱ्याने ‘ओके’ लिहिलं आणि गेम बाजारात गेला.

पंधरा दिवसांनी कंपनीचे गुजराती शेठ खुशीत आले. लोक त्या पातळीवर तासन्‌तास खेळत होते आणि तेवढ्याच जाहिराती बघत होते. त्यांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि ही पातळी कोणी पार केली का, असं विचारलं. तपासणारा म्हणाला, दुसऱ्या प्रयत्नात. हिशेब बघणाऱ्या बाईंना थोडा वेळ लागला होता. शेठनी हसून सांगितलं की त्यांची तर पहिल्याच फटक्यात झाली. मीही मान डोलावली.

घरी डिंडोलीला वडील मोबाइल घेऊन बसलेले. ते आयुष्यभर मागाच्या कारखान्यात नक्षीचे, म्हणजे जॅकार्डचे पुठ्ठे पाडत आले होते. आलेखाच्या कागदावरचं घर न्‌ घर बघून पुठ्ठ्याला भोक पाडायचं. चार दिवस ते त्याच पातळीवर अडकले होते. शेवटी मला म्हणाले, कागद दाखव. मी फाइल उघडून दिली. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत एकेक ओळ मोजली. अकराव्या ओळीवर बोट थांबलं.

“हाई ओळमा एक घर कमी शे,” ते म्हणाले. “बाहेर निंघाले वाटच नही.”

मीटिंगमधली सगळ्यांची तोंडं आठवली, आणि त्यात माझंही.

सकाळी मी शेठना सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर जाहिरातींचा आकडा बघितला. मग हळूच म्हणाले, “बेन, रहेवा दो. लोकांना आवडतंय.” पहिल्या फटक्यात पार केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, मीही आठवण करून दिली नाही. त्यांना आता अशाच आणखी दहा पातळ्या हव्या होत्या.

त्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी अकराव्या ओळीत ते टिंब टाकलं आणि दुरुस्त गेम पाठवून दिला. आठवड्यात लोक पातळी भराभर पार करू लागले आणि जाहिराती बघणं घटलं. शेठनी मला बोलावून विचारलं की पातळी एवढी सोपी कशी झाली. मी खरं सांगितलं. त्यांनी मला काढलं नाही. त्या पातळीचं नाव ‘बिगिनर’ केलं आणि भुलभुलैयांचं काम तपासणाऱ्याकडे दिलं. त्याची पहिली फाइल आली तेव्हा तिला दोन दारं होती आणि दोन्हींना चारी बाजूंनी भिंत.