दिग्रस, नेर, राळेगाव : तापणारी धवळी आणि नवरीची पाठवणी

नवरीला नेणारी गाडी वाटेत तापून उभी राहिली तर काय करायचं, हे माझ्या भावानं, संजयनं, लग्नाच्या आठवड्यात इतक्या वेळा विचारलं की शेवटी मी म्हटलं, गाडी मी चालवते, नवरी मी पोचवते, तू फक्त जेवायला ये.

गाडी म्हणजे आमची धवळी. सायीच्या रंगाची, पाठीला गोल, माझ्यापेक्षा वयानं मोठी. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ड्रायव्हर होते. याच गाडीत तिथले शेठ मागच्या सीटवर बसायचे, बाबा पुढे. शेठनी नवी गाडी घेतली तेव्हा बाबांनी साठवलेल्या पैशातून ही जुनी विकत घेतली आणि आमच्या बौद्ध वस्तीत पहिली चारचाकी आली. त्यानंतर कित्येक वर्षं वस्तीतली एकही लेक एसटीनं सासरी गेली नाही. बाबांनी कोणाकडून भाडं घेतलं नाही. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते, त्याला इलाज नाही.

पण अलीकडे धवळीला खोड लागली होती. गावात शहाण्यासारखी चालायची, गाव सोडून थोडं पुढे गेलं की तापायची. रेडिएटर दोनदा बदलून झाला, मिस्त्री तर किती झाले ते विचारू नका. बाबांनी मात्र माझ्या बहिणीच्या मुलीला, आम्रपालीला, ती लहान असतानाच शब्द दिला होता : तुले धवळीतच धाडीन. आता तिचं लग्न नेरला, माझ्या बहिणीच्या दारात, सासर राळेगावला, आणि बाबांचा शब्द त्या तापणाऱ्या इंजिनात अडकलेला.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही दिग्रसहून निघालो. डिक्कीत पाण्याच्या कॅन, शेजारी बाबा, बाबांची नजर तापमानाच्या काट्यावर. मी गाडी चालवत असले तरी ते रस्ता बघतच नाहीत, काटाच बघतात. निघण्याआधी मी एक काम केलं होतं. आमचं गाव कापसाचं. हंगामात जिनिंगच्या रस्त्यानं गेलात तर रुईचे तंतू केसांत, चहात, सगळीकडे. ते रेडिएटरच्या जाळीतही बसले होते. ब्रशनं आणि पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं इतके काढले की एक उशी भरली असती. आजार सापडला, असं मी घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

दारव्ह्यापर्यंत मजेत गेलो. ज्यांना या बाजूला यायचं आहे त्यांनी फेब्रुवारीत यावं. हरभरा घाट्यावर आलेला असतो, तुरीचे ढीग खळ्यात असतात, मधूनच एखादा पळस पेटलेला. रस्ता बरा आहे, पण कापसाच्या गाड्या फुगून दोन्हीकडे लोंबत येतात, त्यांना वाट द्या. दारव्ह्याला स्टँडजवळ तर्रीवाला आलूबोंडा खाल्ला. दोघांचा चहा-नाश्ता शंभराच्या आत झाला, आणि पेट्रोलही तिथंच भरून घेतलं. गाडीभोवती माणसं जमली. एकानं बाबांना फोटो काढू का विचारलं, तर बाबा आधी काचेवरची धूळ पुसायला लागले.

दारव्हा सुटलं, रस्ता मोकळा मिळाला, मी जरा वेग घेतला आणि काटा वर सरकायला लागला. मग लालीला टेकला. बाजूला लिंबाच्या सावलीत थांबलो. माझी उशीभर रुई वाया गेली होती.

आपल्याकडे बॉनेट उघडं दिसलं की येणारा जाणारा डॉक्टर होतो. कापसाच्या टेम्पोवाल्यानं गॅस्केट उडालं असं सांगितलं. मोटरसायकलवरच्या एका काकांनी थर्मोस्टॅट काढून फेका म्हटलं. तो आमच्याकडे केव्हाच काढून फेकलेला आहे, कारण विदर्भात गाडी घेतली की लोक आधी तेच करतात. मी इंजिन निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तुम्हीही लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. मग झाकण काढून इंजिन सुरू केलं. पाण्यात बुडबुडे नव्हते, तेल दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे गॅस्केट शाबूत. पट्टा घट्ट होता. पाणी कुठून गळतही नव्हतं. आणि उभ्या उभ्या सुरू ठेवलं तर काटा आपोआप खाली येत होता.

"तिले बाहेरगाव मानवत नाई," बाबा हताश होऊन म्हणाले.

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. हळू चाललं की ठीक, पळालं की ताप. म्हणजे जे काही बिघडत होतं ते पळतानाच बिघडत होतं, आणि आपण थांबून बॉनेट उघडेपर्यंत शहाणं होऊन बसत होतं. बैलगाडीच्या चालीनं आम्ही नेर गाठलं. संजय आधीच पोचला होता. त्यानं एक भाड्याची गाडी बोलून ठेवली होती आणि संध्याकाळपर्यंत गाडीवाल्याला पक्कं कळवायचं होतं. बाबा मांडवात एका खुर्चीवर जाऊन बसले. आम्रपाली त्यांना पाणी द्यायला आली तर त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते बघून माझं डोकं फिरलं.

माझं दिग्रसला शेतीपंपांचं दुकान आहे. मोटार, पाईप, वायंडिंग, सगळं मी करते. जेवण टाळून मी बाबांना उठवलं, गाडीत बसवलं आणि सांगितलं, गाडी उभीच ठेवा, पण अ‍ॅक्सिलरेटर असा दाबा की जणू दारव्ह्याच्या रस्त्यावर आहात. मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. बाबांनी दाबलं आणि माझ्या डोळ्यांसमोर रेडिएटरचा खालचा रबरी पाईप आत ओढला जाऊन पार चपटा झाला. पाय काढला, पाईप पुन्हा गोल. परत दाबायला लावलं, परत चपटा.

जोरात हसायला आलं मला. जे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते तेच स्वतःच्या गाडीत दिसलं नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीला पाणी बाहेर फेकायला लोळणारा मऊ पाईप चालतो, पण ज्या बाजूनं मोटार पाणी ओढते तिथं मऊ पाईप लावला तर तो चिकटतो आणि मोटार कोरडी फिरते. गाडीचा पंपही खालच्या पाईपातून पाणी ओढतो. म्हणून त्या पाईपाच्या आत तारेची स्प्रिंग असते, त्याला चपटा होऊ न देणारी. आमच्यात ती नव्हती.

"स्प्रिंग मीच काढली होती," बाबा खिडकीतून म्हणाले. "गंजून गेलती. मले वाटलं पान्याची वाट अडवून राह्यली."

"बाबा, वाट तिनंच उघडी ठेवली होती."

नेरमध्ये पंपाच्या दुकानदारांशी माझी ओळख आहे. हव्या त्या मापाचा नवा रबरी पाईप एका ठिकाणी मिळाला, स्टीलची तार दुसरीकडे. ही गंजत नाही. दुकानातल्याच एका लोखंडी दांड्यावर मी तार स्वतः गुंडाळली, टोकं आत वळवली, पाईपात सरकवली. दुकानदार म्हणाला, ताई, शेतातला हिरवा सक्शन पाईपच लावा की. पण तो गरम पाण्यानं लोण्यासारखा मऊ होतो, हे कोणी करू नये म्हणून इथं लिहून ठेवते. सूर्य कलायच्या आत पाईप बसला. बाबांनी पुन्हा दाबलं, आणि पाईप गोलच राहिला.

संजय फोन हातात घेऊन उभा होता. राळेगावच्या वाटेवर चढ आहे, तिथं दगा दिला तर पोरीचं हसं होईल, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, "त्या गाडीवाल्याले नाही म्हनून सांग."

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या साडीत आम्रपाली, वंदना, त्रिशरण, फुलं, मग वांग्याची भाजी, वरण-भात आणि बुंदी. पाठवणीला धवळी मांडवापाशी लावली तेव्हा बायांनी तिलाही हार घातला. मागे नवरा-नवरी, पुढे बाबा, माझ्या हातात स्टिअरिंग. आणि संजय आपल्या मोटरसायकलवरून मागोमाग, कितीही म्हटलं तरी.

यवतमाळच्या अलीकडे चढ लागला. गिअर खाली घेतला, इंजिन ओरडलं, काटा मध्यावर आला आणि मध्यावरच बसला. मी पुन्हा पुन्हा बघत होते. एकदा बाजूला पाहिलं तर बाबा काट्याकडे बघतच नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते, मागे आम्रपालीला सांगत होते की इथं पूर्वी किती झाडं होती. कळंबला आम्ही थांबलोसुद्धा फक्त चहासाठी. कॅनचं झाकण कोणी उघडलं नाही.

राळेगावात नवऱ्याची गल्ली बाहेर आली होती. जयभीम झाले, फुलं पडली. कोणीतरी विचारलं, एवढी जुनी गाडी घाट चढून आली कशी? बाबांचा आवाज मी इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"माह्या पोरीनं आणली. मिस्त्री थकले, तिनं शोधलं."

आम्रपालीनं माझा हात दाबला. मी डोळे पुसायला धुळीचं निमित्त केलं.

परतीच्या सकाळी मी गाडीचं दार उघडलं, तर बाबा पुढे आले नाहीत. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आत बसले. इतकी वर्षं गाडी त्यांची, पण मागच्या सीटवर ते कधी बसले नव्हते. आधी शेठ होते, नंतर काटा होता. दिग्रस जवळ आलं तशी त्यांनी मागून सूचना केली, जिनिंगच्या रस्त्यानं घे, अन् हळू चालव.

या प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर पाण्याच्या कॅन, भरलेल्या, अजून अंगणात आहेत. आई त्यातून झाडांना पाणी घालते. आणि जिनिंगच्या फाटकासमोर मी इतकी हळू गेले की चौकीदार उठून उभा राहिला. त्यानं मागच्या सीटवरच्या माणसाला आधी नमस्कार केला, मग ओळखलं.