बोटीचं पहिलं भोक

आमच्या घरी चार माणसं जमली की कुणीतरी हमखास म्हणतं, "तो बोटीचा किस्सा सांगा ना." आता कुठला सांगू? एकच असता तर सांगून मोकळी झाले असते. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो, आणि दुसरा संपेपर्यंत चहा गार होतो. आमचे हे म्हणतात, निम्मे तू रचतेस. रचायला मला वेळ कुठे होता! चिंचपोकळीच्या त्या खोलीत नुसतं पाट टाकून बसलं तरी किस्से आपोआप पदरात पडत.

*

खोली म्हणजे बांदेकरांचं वर्कशॉप. बांदेकर मालवणकडचे. आगबोट कंपन्यांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवलेल्या छोट्या बोटी असत ना, तसल्या लाकडी बोटी ते करून देत. रविवारी मात्र धंद्याचं काम बंद आणि हौसेचं सुरू. मग करी रोडहून सोनावणे यायचे, ते गिरणीत फिटर. फणसवाडीतून नेने यायचे, ते ऑफिसात क्लार्क. हे नेने म्हणजेच आमचे हे, पण तेव्हा अजून 'हे' झाले नव्हते.

बांदेकरांचा धाकटा भाऊ सदू मालवाहू बोटीवर खलाशी होता. एकदा सुट्टीवर आला तो काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊनच. सोडलं तर बोटीचं नुसतं अंग, ज्याला ही मंडळी हल म्हणत. हातभर लांब, पांढरंशुभ्र, बाहेरून चिनी बशीसारखं गुळगुळीत आणि आतून खरबरीत. नेन्यांनी टिचकी मारून बघितली आणि जाहीर केलं की हे फायबरग्लास, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यावर रसायन. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं.

सोनावणे म्हणाले, "म्हणजे बोट सोडायची पाण्यात आणि आपण काठावर बसून काचा वेचायच्या."

सदूने बॅटरीवरची मोटर आणली होती, पंखाही आणला होता. पंख्याचा दांडा मागच्या बाजूने बाहेर काढायचा, त्यासाठी हलला एक भोक पाडायचं. काम एवढंच! जाताना सदू भावाला म्हणाला, "दादा, मी परत येयसर ही पाण्यात चलाक व्हयी." तू येईपर्यंत चालेल, असा दादांनी शब्द दिला.

*

पहिला प्रयोग सदू जायच्या आधी, त्याच्या देखतच झाला. हलच्या वरच्या कडेला बोटभर जादा पट्टी होती, ती पुढे कापूनच टाकायची असते. बांदेकर म्हणाले, आधी त्या पट्टीवर बघू. आयुष्यभर लाकडात भोकं पाडलेला माणूस. त्यांनी सवयीने टोचा टेकवला आणि वर हातोडीचा हलकासा ठोका दिला. लाकडाला कसा एक ठिपका पडतो आणि ड्रिल तिथून सरकत नाही, तसा ठिपका पडायला हवा होता. इथे ठिपका राहिला बाजूला, चांदणीसारखी चीर उमटली आणि तिचे पाय चारी दिशांना पळाले.

सदू हसून हसून खाली बसला. "दादा, ह्यां लाकूड न्हय," म्हणाला.

बांदेकरांनी पुढचा आठवडाभर हातोडी कपाटात ठेवली. घरी खिळा ठोकायचा होता तोही ठोकला नाही, असं म्हणतात.

*

या मंडळात मी शिरले ती खाजेमुळे. खोटं नाही सांगत. एका रविवारी सकाळी नेन्यांनी ती चिरलेली पट्टी करवतीने कापली आणि कानशीने कड घासली. त्याची भुकटी अंगावर उडाली. संध्याकाळी दादरला आमच्याकडे मुलगी बघायला यायचं होतं, म्हणून त्यांच्या आईने त्यांना चांगलं कडकडीत पाण्याने न्हाऊ घातलं. त्या काचेच्या भुकटीला गार पाणी लागतं. गरम पाण्याने ती कातडीत अशी मुरते की विचारू नका.

आमच्याकडे पोह्यांच्या बशा आल्या आणि नवरामुलगा मान खाजवतोय. मग कोपर. मग दुसरं कोपर. माझी आई वडिलांकडे बघतेय, वडील छताकडे. शेवटी कुणीतरी रीत म्हणून म्हणालं, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. मी विचारलं, "खरूज आहे का?"

त्यानंतर त्यांनी मला फायबरग्लास समजावून सांगितलं. टोच्याने चीर का पडते, ड्रिल दाबून का चालवायचं नाही, सगळं. पोह्यांना हात लावला नाही. ती मंडळी गेल्यावर वडील म्हणाले, मुलगा नाकीडोळी बरा आहे, पण काचेच्या बोटीचं काय ते मला नीट कळलं नाही. मला कळलं होतं. मी हो म्हटलं.

*

लग्नानंतर मीही रविवारी चिंचपोकळीला जायला लागले. सुरुवातीला डबा पोचवायला, मग बसायला.

त्याच सुमारास सदूची बातमी आली. परदेशातल्या कुठल्यातरी बंदरात ताप आला आणि दोन दिवसांत गेला. तिकडेच सगळं उरकलं. इकडे त्याच्या बायकोला त्याची ट्रंकही मिळाली नाही. त्याचं म्हणून जे काही उरलं, ते म्हणजे ते पांढरं हल. बांदेकरांनी ते कपाटावर ठेवलं, वर चादर घातली, आणि बरेच महिने त्याचं नाव कुणी काढलं नाही.

मग एका रविवारी बांदेकर स्वतःच म्हणाले, शब्द दिलाय तर बोट पुरी करायला हवी. पण आता हातात पट्टीही उरली नव्हती, नेन्यांनी कापून टाकली होती. थेट हललाच हात घालायचा. चांदणी उमटली तर? दुसरं हल आणून द्यायला सदू नव्हता. आधी कशावर तरी सराव हवा असं ठरलं, आणि सराव कशावर, तर करवंटीवर! बाहेरून टणक, बाकदार, आणि घाई केली की तडकणारी. खोबरं खवून झालं की चाळीतल्या बायका करवंट्या वर्कशॉपच्या दारात आणून टाकायला लागल्या.

हळूहळू रीत बसली. जिथे भोक पाडायचं तिथे आधी चिकटपट्टी लावायची, म्हणजे कड उडत नाही. सोनावणे गिरणीच्या दवाखान्यातून मलमपट्टीची चिकटपट्टी मागून आणायचे. कंपाउंडर म्हणाला, रोज कुणाला लागतंय तुमच्याकडे? सोनावणे म्हणाले, "अजून कुणाला नाही. लागायच्या आधीच पट्टी मारतोय." पट्टीवर पेन्सिलीने खूण करायची. आतून लाकडाचा ठोकळा घट्ट धरायचा. हाताने फिरवायचं ड्रिल आधी उलटं फिरवायचं, वरची चकाकी झिजली की मग सुलटं. बारीक भोक पाडून ते गोल कानशीने सावकाश मोठं करायचं.

भोकं झकास पडायला लागली. भोक पडलेल्या करवंटीचं काय करायचं? दांडा बसवून डवली करायची. चाळीत घरोघरी वरण वाढायला बांदेकरांची डवली आली. वरच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "तुमची ती बोट कधी बघितली नाही, पण कारखाना छान चाललाय हो."

तरी बांदेकर म्हणायचे, अजून एक करवंटी करू. सोनावणे लगेच ठोकळा धरायचे. नेने पट्टी कापायचे. बांदेकर का थांबलेत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आज आठवलं की मला त्या तिघांबद्दल फार माया वाटते.

*

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा हरताळ. आमचे तिघे सभेला जायचे आणि घसे बसवून यायचे. एका हरताळाच्या दिवशी गिरण्या बंद, ऑफिसं बंद, म्हणून मंडळी मधल्या वारीच वर्कशॉपवर जमली. दार लोटलेलं. गल्लीत गस्तीचा हवालदार आला, त्याला आतून घर्रघर्र ऐकू आली. त्याने दार ढकललं.

आत बघतो तर तीन बाप्ये तोंडाला रुमाल बांधून कशावर तरी वाकलेले! दिवस असले, आणि त्यात रुमाल. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून बांधलेत, हे त्याला कोण सांगणार? त्याने काठी सावरून विचारलं, काय चाललंय.

नेने घाबरून खरं ते बोलले, "बोटीला भोक पाडतोय."

हवालदाराने मला बघितलं, कपाटावरची चादर बघितली. म्हणाला, "भोकं बुजवतात का पाडतात?"

सोनावण्यांनी रुमाल खाली केला. "साहेब, बोटीपर्यंत पोचलोय कुठे? अजून करवंटीवरच आहोत."

हवालदार देवगडकडचा निघाला. बसला, चहा घेतला, स्वतः एक भोक पाडून बघितलं. त्याची करवंटी तडकली. जाताना बांदेकरांना म्हणाला, राज्य होईल हो, पण तुमची बोट काही या गतीने व्हायची नाही.

*

तो गेल्यावर बांदेकरांनी त्या दिवशी दुसरी करवंटी हातात घेतली नाही. पुढच्या रविवारी त्यांनी चादर काढली.

त्या दिवशी सुशीलाही आली होती, सदूची बायको. ती चहा घेऊन यायची आणि दारापाशी उभी राहायची. त्यांच्या घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती, सदू गेल्याची बातमी आली त्या दिवशीसुद्धा. मी असले की निरोप माझ्यामार्फत. "नेनेवैनी, भावोजींका सांगा, च्या थंड जाता." भावोजी तीन हातांवर. त्यांना लख्ख ऐकू आलेलं असायचं. तरी मी सांगायचे, "चहा गार होतोय." ते म्हणायचे, "घेतो म्हणून सांगा." मी मागे वळून तेही सांगायचे. मला त्यांचं पोस्टखातं म्हणून सगळे चिडवायचे.

हल बाकावर उताणं ठेवलं. पट्टी लावली, खूण केली. सोनावणे ठोकळा हातात घेऊन तयार. बांदेकरांनी ड्रिलचं टोक खुणेवर टेकवलं आणि तसेच उभे राहिले. ड्रिलचा दांडा काही फिरेना. थोड्या वेळाने त्यांनी टोक उचललं, पुसलं, परत टेकवलं. परत तेच. आमच्या ह्यांनी मुकाट्याने एक करवंटी पुढे सरकवली. बांदेकरांनी तिच्याकडे बघितलं आणि ड्रिल खाली ठेवायला लागले.

सुशीलाने कपबशा खिडकीत ठेवल्या. पदर खोचून बाकापाशी आली, सोनावण्यांच्या हातातला ठोकळा घेतला, हलच्या आत हात घातला आणि ज्या जागी ड्रिल बाहेर निघणार तिथेच ठोकळा लावून मागे तळवा दाबून धरला.

"भावोजी," ती म्हणाली, "मी आतसून धरतंय. तुमी फिरवा."

सवयीने मी निरोप सांगायला बांदेकरांकडे वळले. त्यांनी दांडा फिरवायला सुरुवात केली होती.

"सावकास," ती म्हणाली. तेही त्यांनाच.