खाटा रिकाम्या, वर्दळ तीच

आमच्या संग्रहालयात कुठली वस्तू घ्यायची हे समिती ठरवते. किश्शांना मात्र कुणाची मंजुरी लागत नाही, ते रोज आपोआप जमा होतात!

कसबा पेठेतलं हे जुनं प्रसूतिगृह. ते बंद पडलं तेव्हा आता इथे टॉवर उठणार, असं सगळे धरून चालले होते. झालं संग्रहालय. पूर्वी बायका कशा बाळंत व्हायच्या, नर्सना किती झटावं लागायचं, हे आम्ही शाळेच्या मुलांना खाटा-पाळणे दाखवून सांगतो. मी बँकेतून रिटायर झालेला कुलकर्णी आणि जोडीला शाळेत जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या लिमयेबाई. दोघंही बिनपगारी.

* * *

एकदा दारात रिक्षा थांबली आणि दिवस भरत आलेली एक मुलगी हळूहळू उतरली. मी धावलोच.

"ताई, इथलं हॉस्पिटल बंद झालंय हो. याच रिक्षाने पुढे जा."

"माहितेय काका. मी म्युझियम बघायला आलेय."

लिमयेबाईंनी शांतपणे तिकीट फाडलं. "सावकाश बघा. फक्त प्रात्यक्षिक नको."

* * *

म्हस्के अण्णा विश्रांतवाडीचे. दर गुरुवारी बसने येतात, आतल्या चौकातल्या बाकावर बसतात, आमच्याबरोबर चहा घेतात. वरच्या मजल्यावरची बाळंतपणाची खोली त्यांना बघायची असते. जिन्यापर्यंत जातात, कठड्याला हात लावतात आणि परत फिरतात.

"आई हितंच गेली," त्यांनी एकदा सांगितलं. "मी आलो अन् ती गेली. ती खोली बघायची लय इच्छा हाय, पण पाय उचलत न्हाई."

लिमयेबाईंनी त्यांचा कप पुन्हा भरला.

* * *

तान्ह्या बाळांचा वजनकाटा अजून चोख चालतो. हे गल्लीतल्या एका गृहस्थांना कळलं, आणि त्यांचा भाजीवाल्यावर आधीपासूनच संशय. एका दुपारी बघतो तर काट्यात कांदे!

लिमयेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वजन छान आहे. बाळंतीण कुठाय?"

गृहस्थ कांदे घेऊन मुकाट्याने गेले. पुढच्या आठवड्यात नातवाला घेऊन आले, रीतसर तिकीट काढून.

* * *

बिबवेवाडीहून एक आजी आल्या. बरोबर त्यांची तीन मुलं, म्हणजे तिघंही केस पिकलेली. खिडकीजवळच्या खाटेवर कोण जन्मलं यावरून तिघांत चांगलीच जुंपली.

आजींनी निवाडा दिला. "तिन्ही वेळा मी तिकडं कोपऱ्यात होते. खिडकी डॉक्टरांच्या ओळखीच्यांना मिळायची."

निघताना त्यांनी उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि मग मलाही, जणू इमारत मीच वाचवली! ज्यांनी ही वास्तू पाडू दिली नाही, त्यांच्या वतीने मी तो घेतला. त्यांचे उपकार खरंच फार मोठे आहेत, आणि ते मला रोज जाणवतात.

* * *

गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवार होता, बंद करायची वेळ झालेली आणि वारं सुटलेलं.

"अण्णा," लिमयेबाई म्हणाल्या, "माझे गुडघे आज ऐकत नाहीत आणि कुलकर्णी तिकिटं आवरतायत. वरच्या खोलीच्या खिडक्या तेवढ्या लावून येता का?"

बाई दिवसभर तो जिना चढत-उतरत असतात. मी मुकाट तिकिटं मोजायला घेतली.

कुणी काम सांगितलं की नाही म्हणणं अण्णांना जमत नाही. ते उठले, जिन्यापाशी जरा थांबले आणि चढले. एक खिडकी लागल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. आम्ही दोघं कुलूप घेऊन खाली बसून राहिलो. बाई छताकडे बघत होत्या.

अण्णा खाली आले तेव्हा डोळे लाल होते. "लावल्या," एवढंच म्हणाले आणि बस पकडायला गेले.

पुढच्या गुरुवारी आले ते कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात पेढ्यांचा खोका. आम्हाला दिले, तिकिटाला उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनाही एकेक पेढा दिला.

"अहो अण्णा, पेढे कशाचे?" मी विचारलं.

"मुलगा झाला," अण्णा म्हणाले. "तवा वाटायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं."