एकशे सहा भाकरींचा पेपर

परीक्षेच्या नावाने विद्यार्थ्यांना घाम फुटतो हे जगाला ठाऊक आहे. पण परीक्षा आली की शिक्षकांना घाम फोडणारे हेडमास्तर पृथ्वीच्या पाठीवर एकच झाले, आणि माझी पहिली नेमणूक नेमकी त्यांच्या हाताखाली झाली. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, पावरा आदिवासींच्या पाड्यावरची दोन शिक्षकांची चौथीपर्यंतची शाळा. हेडमास्तर मूळचे धरणगावकडचे. सगळा पाडा त्यांना नाना म्हणायचा, म्हणून मीही म्हणू लागलो. मी सोनगीरचा, घरातला पहिला पदवीधर. माझी बी.ए.ची गुणपत्रिका आईने काच लावून देवांच्या शेजारी टांगली आहे. रुजू झालो त्या दिवशी मी तिची झेरॉक्स नानांपुढे ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी पाहिली आणि आपल्या अहिराणीत विचारले, "गुन चांगला शेत भाऊ. पन तुले येस काय?"

काय येते हे त्यांनी पहिल्याच शनिवारी तपासले. त्यांच्या शाळेत दर शनिवारी मुलांनी मास्तरांचा पेपर काढायचा अशी रीत होती. मुलांनी दहा पाने आणून टेबलावर मांडली: झाड कोणते, आणि ते कशाला लागते? नानांना चार ओळखता आली. मला एकही नाही. तेव्हा तिसरीत असलेली सुमली, जी एरवी तोंडातून शब्द काढत नसे, ती माझ्या उत्तरांना तोंडावर हात धरून हसली. नानांनी माझा भोपळा लाल शाईने वहीत चढवला आणि पालकाची सही म्हणून खिचडी शिजवणाऱ्या बाईंचा अंगठा घेतला. बाईंनी मला बजावले, "सर, जरा अभ्यास करत जा."

ही वही म्हणजे नानांचा प्राण. सरकारी नोंदी ते वेळेवर भरत, पण मन या वहीत. एका पोराला नुसत्या खुरांच्या ठशांवरून बकरी कोणाच्या घरची ते सांगता येई; त्याच्यापुढे नानांनी 'परिसर अभ्यास, अ' असे लिहिले. मी म्हटले, "नाना, याला पुरावा काय?" तर पुराव्यासाठी त्यांनी मला भर उन्हात त्या पोरामागे दोन टेकड्या चालवले. बकरी सापडली, माझी चप्पल हरवली. मात्र रानातले येते म्हणून त्यांनी कोणाला पाढे माफ केले नाहीत. सतराचा पाढा चुकला की म्हणत, "बकरी तुले तुना बापनी शिकाडी. माले काय शिकाडानं?"

माझ्या दुसऱ्या वर्षी वार्षिक परीक्षेचा छापील पेपर वरून आला. पहिलेच उदाहरण: लिफ्टमध्ये एका वेळी आठ माणसे जातात, तर इतक्या माणसांना किती फेऱ्या? आता चौथीत असलेली सुमली तासभर त्या लिफ्टकडे पाहत राहिली आणि तिने कोरा कागद दिला. एकदा पेन टेकले नाही की मग सगळेच राहिले. कोऱ्या कागदाने एवढे बिघडले नसते, पण तिच्या बापाने आधीच सांगून ठेवले होते. पाड्यावर पाचवी नव्हती. पुढे शिकायचे तर आश्रमशाळेत राहायला पाठवायचे. "पोरगी शिकली असेल तर पाठवतो," तो म्हणाला होता. "नसेल शिकली तर घरी बकऱ्या आहेत." त्याला वाचता येत नव्हते, आणि आले असते तरी आम्ही दाखवणार काय?

 तिसऱ्या दिवशी नाना उठून सुमलीच्या बापाकडे गेले. त्याच आठवड्यात त्याच्या नव्या घराचा लाहा होता. लाहा म्हणजे सगळ्या पाड्याने येऊन मजुरी न घेता काम करायचे, आणि घरधन्याने जेवण घालायचे. घरधनी सगळ्यांच्या शेवटी जेवतो. मागच्या लाह्याला भाकरी कमी पडल्या होत्या आणि बाप उपाशी निजला होता.

"औंदा भाकरीसना अंदाज तुनी पोर सांगी," नाना म्हणाले. "तोच तिना पेपर."

चुकले तर बाप पुन्हा उपाशी, आणि पोरगी बकऱ्यांमागे. सुमली मात्र घरोघर फिरली, येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक चिंचोका घेतला. बापासकट दोन विसा आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस माणसे. प्रत्येकी दोन भाकरी. लाकडे ओढणाऱ्या बारा जणांना तीन. शाळेच्या ओट्यावर कोळशाने आकडे मांडून तिने आईला सांगितले, "पाच विसा आणि सहा."

लाह्याच्या दुपारी नाना माझ्याशेजारी पंगतीत बसले. टोपलीतली प्रत्येक भाकरी ते नजरेने मोजत होते. मी आणखी अर्धी मागायला तोंड उघडले तर त्यांनी माझा हातच धरला. "बस! तुना हिस्सा व्हई गया!"

सगळे उठले. बाप टोपलीपाशी आला. आत दोन भाकरी होत्या. तो खाली बसला, त्याने सावकाश दोन्ही खाल्ल्या, हात धुतले.

"हे शाळेत शिकली?" त्याने विचारले.

"विसा तुना घरन्या," नाना म्हणाले. "गुनाकार शाळाना."

बापाने नव्या घराच्या मेढीला पाठ टेकली. "बकऱ्या धाकटा पोरगा पाहील," म्हणाला.

नानांनी प्रगतिपत्रकावर तिच्या नावापुढे शेरा लिहिला: 'एकशे सहा. खाऊन तपासले.' तालुक्याच्या साहेबांनी त्याबद्दल खुलासा मागितला. नानांनी सविस्तर लिहून पाठवला, चिंचोक्यांसकट.

जूनमध्ये बाप सुमलीला पत्र्याची पेटी घेऊन जीपमध्ये बसवायला आला. तिने आमच्या पाया पडून झाल्यावर नानांना हळूच विचारले, "तिथे शनिवारी मास्तरांचा पेपर असतो?" नाना म्हणाले, "नसी तर तू सुरू कर." जीप वळणापलीकडे गेली, धूळ खाली बसली, तरी ते तिथेच उभे. मग एकदम टोपी सारखी करत म्हणाले, "चला सर, शाळा भरनी."

मी कुलूप काढले, त्यांच्या मागोमाग आत गेलो आणि रिकाम्या बाकांसमोर आम्ही दोघे बराच वेळ बसलो. त्या दिवशी रविवार होता.