बेटाकाठचा गाळ

हिंगण्यापुढे कारखान्यांची रांग संपली की एक तलाव लागतो. हिवाळ्यात पाणी ओसरलं की मधला उंचवटा बेटासारखा उरतो आणि त्याच्या काठाला दूरदेशची पाखरं उतरतात. माझा नवरा तिथल्याच एका कारखान्यात कामाला. सुटीच्या दिवशी झोपायचं सोडून तो दुर्बीण गळ्यात अडकवून निघतो. आधी मी चिडायचे, मग सोबत जाऊ लागले.

त्या सकाळी कोरड्या पट्टीवरून आम्ही बेटावर पोचलो. टोकाला पट्टकादंब जातीचे रानहंस बसले होते, करडे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. आमची चाहूल लागली आणि सगळा थवा उडाला. एकच मागे राहिला. तो पंख फडफडवी आणि पुन्हा चिखलात आपटे.

"जाळं अडकलं त्याले," नवरा म्हणाला आणि बूट काढू लागला.

"कुठं निघाले?"

"इथंच तं आहे."

गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसत होता. नवरा पक्ष्यापर्यंत नीट गेला, त्याला उचललं, आणि परत वळताना वरचा पापुद्रा फुटला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला. आधी हसला. मग जोर लावला, तर मांडीपर्यंत रुतला.

"तू येऊ नको वं," तो म्हणाला. "पाय निघूनच नाही राहिला."

मी मोबाइल काढला. रेंज नव्हती. आजूबाजूला माणूस नाही.

"पक्षी सोडा आधी. हात मोकळे करा."

"जाळ्यासकट सोडला तं मरते ना तो."

"आणि तुम्ही?"

त्याने पक्षी आणखी वर धरला. गाळ आता त्याच्या कमरेपाशी आला होता. मला इतका राग आला की घाबरायचंच राहून गेलं.

काठाला बेशरमाच्या झुडपांचं रान माजलेलं होतं. मी कवळ्याकवळ्यांनी फांद्या मोडल्या आणि गाळावर आडव्या टाकत गेले. मग त्यांच्यावर पालथी पडून सरकू लागले. खालून थंड चिखल कपड्यात शिरत होता. फांद्या दबायच्या, पण धरून होत्या.

त्याने आधी पक्षी पुढे केला. वाद घालायला वेळ नव्हता. मी तो काखेत दाबला, तर पक्ष्याने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. दुसऱ्या हाताने मी ओढणी फेकली, त्याने तिचं टोक धरलं.

"झोपा छातीवर. ओढू नका, हलवत हलवत काढा पाय."

एक पाय सुटायलाच फार वेळ लागला. दुसरा सुटला तेव्हा चिखलाचा मोठा आवाज झाला, आणि आम्ही दोघं तसेच सरपटत कोरड्या जागी आलो.

मोटारसायकलच्या किल्लीला नेलकटर होतं. त्या नेलकटरनेच आम्ही जाळ्याचा एकेक दोरा तोडला. पंखाच्या मुळाशी नायलॉन रुतून रक्त आलं होतं. सोडल्यावर कादंब थोडा अडखळला, पाण्यात शिरला आणि पोहत निघाला. उडाला मात्र नाही. थवा पलीकडच्या काठाला उतरला होता. तो त्यांच्यात मिसळेपर्यंत आम्ही बघत राहिलो, मग कोणता आपला ते कळेना.

"भेली होती का तू?" नवऱ्याने विचारलं.

"पुन्हा असं केलं तर मी येणार नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. किल्ली मी घेतली. घरापर्यंत गाडी मीच चालवली. तो मागे माझा खांदा घट्ट धरून बसला होता.